साथीच्या दिवसांत विद्यापीठाचा नोकरवर्ग

नागपूर शहरांत करोनाचा पहिला रुग्ण आढळला तो ११ मार्च २०२० रोजीं. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच मेयो रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षांतून चार-पांच संशयित रुग्ण कोणास न सांगतां निघून गेल्याची बातमी पसरली. त्यांचा शोध लागला, त्यांना परत आणण्याची तजवीज झाली, आणि शहरानें कांहीं दिवस त्या प्रकाराची मनसोक्त चर्चा केली. बहुतेक चर्चा निघून गेलेल्यांच्या बेजबाबदारपणाची होती. तीं माणसें कां गेलीं असतील, हा प्रश्न फारच थोड्यांनीं विचारला. तपासणीचा निकाल येईपर्यंत अनोळखी रुग्णांच्या शेजारीं दिवस काढावयाचे, आणि रोग नसलाच तर तो येथेंच जडावयाचा, अशी भीति त्या जागीं कोणासही वाटली असती.

साथीच्या रोगाशीं चाललेल्या झुंजीचा सारा भार अखेर एका लहानशा गोष्टीवर येऊन पडतो. ज्याला ताप आला आहे त्यानें तो आपण होऊन सांगितला पाहिजे. तपासणी, विलगीकरण, सहवासांत आलेल्यांचा शोध, हीं सगळीं त्यापुढचीं कामें. ज्यानें सांगितलेंच नाहीं त्याच्यापर्यंत यांतील एकही पोंचत नाहीं. आणि सांगण्यानें ज्याचें नुकसान होतें तो मनुष्य कितीही सज्जन असला तरी शक्य तोंवर गप्पच बसतो. मोठ्या संस्थेंत काम करणाऱ्यांचें आरोग्य साथींत कसें राखावें, हा विचार करूं लागलें म्हणजे साबण, मुखपट्टी आणि औषधें यांच्या आधीं हा प्रश्न उभा राहतो. नागपूरचें विद्यापीठ ही अशीच एक मोठी संस्था आहे.

हें विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें व २००५ पासून तें राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नांवानें ओळखलें जातें. विद्यापीठ म्हटलें कीं सुशिक्षित घरांत प्राध्यापक, विद्यार्थी, परीक्षा व पदव्या एवढ्याच गोष्टी आठवतात. मार्च २०२० मध्यें वर्ग बंद झाले, शिक्षक घरीं बसून शिकवूं लागले, आणि विद्यापीठ बंद झालें असें लोकांनीं मानलें. परंतु अमरावती रस्त्यावरील विस्तीर्ण परिसर, सिव्हिल लाइन्समधील कचेऱ्या, ग्रंथालय, वसतिगृहें आणि प्रयोगशाळा एवढा संसार कुलूप लावून बंद करतां येत नाहीं. फाटकावर पहारा लागतो. पाण्याचा पंप कोणीतरी चालवावा लागतो. रसायनांच्या कोठ्या, शीतपेट्या व विजेचीं यंत्रें यांच्याकडे रोज पाहावें लागतें. गाड्या बंद पडल्यामुळें एखाद्या वसतिगृहांत मागें राहिलेलीं मुलें असलीं तर त्यांचा स्वयंपाक व्हावा लागतो. आणि कोणी राहो न राहो, झाडलोट व्हावीच लागते. हीं कामें घरीं नेतां येत नाहींत. ज्ञान तारेवरून पाठवतां येतें, झाडू पाठवतां येत नाहीं.

अशीं कामें करणाऱ्यांतही दोन प्रकार असतात, आणि ते बाहेरच्या माणसाच्या ध्यानांत सहसा येत नाहींत. आजच्या कोणत्याही मोठ्या संस्थेच्या फाटकावर दोन पहारेकरी उभे असले, तर एकाचें नांव संस्थेच्या हजेरीपटावर असतें व दुसऱ्याचें कंत्राटदाराच्या वहींत. दोघांची काठी सारखी, दोघांची पाळी सारखी. पहिल्याला ताप आला तर तो अर्ज लिहितो आणि त्याची शिल्लक रजा खर्ची पडते. दुसऱ्याला ताप आला तर त्याचा रोज बुडतो. आठ दिवस बुडाला तर त्याच्या जागीं दुसरा माणूस उभा केला जातो, आणि बरा होऊन आल्यावर ती जागा त्याचीच राहील याची शाश्वती कोणी देत नाहीं. रोगाला मात्र हा भेद ठाऊक नसतो. दुसऱ्यानें लपविलेला ताप दोन दिवसांत पहिल्याच्या घरीं जातो व तिसऱ्या दिवशीं कुलसचिवाच्या खोलींतही जाऊं शकतो.

हा ताप फाटकावर पकडण्यासाठीं २०२० सालीं एक युक्ति सर्वत्र रूढ झाली. पिस्तुलासारखें तापमापक यंत्र कपाळासमोर धरावयाचें, आंकडा वहींत लिहावयाचा आणि माणसाला आंत सोडावयाचें. यंत्र दिसावयास शास्त्रीय होतें. पण नागपूरच्या मे महिन्यांत सायकलवरून आलेल्या मनुष्याचें कपाळ काय सांगणार? सावलींत पांच मिनिटें बसविल्याशिवाय त्या आंकड्याला कांहीं अर्थ नसतो. शिवाय ज्याला ताप लपवावयाचा आहे तो सकाळीं पॅरासिटामॉलची एक गोळी घेऊन निघतो, आणि चार-सहा तास त्याचें अंग थंड असतें. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं करोनाचा रुग्ण लक्षणें दिसूं लागण्यापूर्वींच, सुमारें दोन दिवस आधींपासून, रोग पसरवूं शकतो, आणि कित्येकांना ताप येतच नाहीं. म्हणजे यंत्राच्या तावडींतून तिघे सुटतात: ज्याला अजून ताप आलेला नाहीं तो, ज्याला तो येणारच नाहीं तो, आणि ज्यानें तो गोळीनें उतरविला आहे तो. पहिल्या दोघांवर फाटकावर उपाय नाहीं. तिसऱ्यावर आहे, आणि तो यंत्राचा नसून पगाराचा आहे.

भीतीमुळें रुग्ण लपविले जातात हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं गोरे शिपाई घरोघर शिरून झडती घेत, तेव्हां लोक आजारी माणसांना माळ्यावर, कोठारांत, परसांत दडवीत. इस्पितळांत नेलेला माणूस परत येत नाहीं आणि मागें घरांतील सामान जाळलें जातें, असा त्यांचा समज झाला होता; आणि तो सर्वस्वीं खोटाही नव्हता. त्याच वर्षीं सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. तोच कायदा, कांहीं दुरुस्त्यांसह, २०२० सालींही अंमलांत होता. रोग्याला धरून नेण्याचा अधिकार त्यानें सरकारला दिला. धरून नेलेल्याच्या घरीं चूल कशी पेटावी याविषयीं तो कायदा मुका आहे.

पुढें १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथींत ही उणीव फार महाग पडली. नागपूर ही तेव्हां मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. विद्यापीठ अद्याप व्हावयाचें होतें. मॉरिस आणि हिस्लॉप हीं महाविद्यालयें अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेलीं होतीं. त्या वर्षाच्या अखेरच्या तीन-चार महिन्यांत या प्रांतांत हजारीं पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं, आणि हिंदुस्थानांतील सर्वांत जास्त प्राणहानि झालेल्या प्रांतांत त्याची गणना झाली. त्याच वर्षीं पाऊस फसला होता, धान्य महागलें होतें. ज्याच्या घरांत दोन दिवसांचे दाणे नाहींत, त्याला वैद्यानें अंथरुणांत पडून राहा म्हणून सांगणें ही थट्टाच होय. आणि त्या रोगावर विश्रांति व शुश्रूषा यांवांचून दुसरा खरा उपाय त्या काळीं कोणाच्याच हातीं नव्हता.

नागपुरांत दुसऱ्या बाजूचेंही एक उदाहरण आहे, आणि तें विद्यापीठाहून जुनें आहे. जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं येथें एम्प्रेस मिल सुरू केली. त्या गिरणींत हवा खेळती राहावी म्हणून योजना केलेली होती व हवा दमट राखण्याचीं यंत्रें बसविलेलीं होतीं. दमट हवेंत सूत कमी तुटतें, तेव्हां यांत मालकाचाही लाभ होता. पण उडणारें तंतू व धूळ त्यामुळें कामगाराच्या छातींत कमी जात, हेंही तितकेंच खरें. १८८६ सालीं तेथें निवृत्तिवेतनाचा निधि सुरू झाला आणि १८९५ पासून कामावर इजा झालेल्यास भरपाई मिळूं लागली. सर्व देशासाठीं तसा कायदा १९२३ सालीं झाला. गिरणी २००२ सालीं बंद पडली. ज्या शहरांतील एका गिरणीला ही दृष्टि एकोणिसाव्या शतकांत होती, त्या शहरांतील शिक्षणसंस्थांकडून एकविसाव्या शतकांत थोडी अधिक अपेक्षा ठेवली तर ती गैर म्हणतां येणार नाहीं.

२०२० सालीं सरकारला पगाराचा प्रश्न दिसलाच नव्हता असें नाहीं. २० मार्चला केंद्राच्या श्रम मंत्रालयानें मालकांना सल्ला दिला कीं कामगारांना, विशेषतः रोजंदारीच्या व कंत्राटी कामगारांना, काढूं नये व त्यांचा पगार कापूं नये. २३ मार्चला अर्थ मंत्रालयानें केंद्र सरकारच्या खात्यांपुरता व संस्थांपुरता असा आदेश काढला कीं टाळेबंदीमुळें ज्या कंत्राटी माणसांना घरीं राहावें लागेल त्यांना कामावर हजर समजून वेतन द्यावें. त्याची मुदत ३० एप्रिलपर्यंत होती. २९ मार्चला गृह मंत्रालयानें सर्वच मालकांना पुरा पगार देण्याचें फर्मान काढलें. तें १८ मेपासून मागें घेतलें गेलें, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानें मालक व कामगार यांनीं आपसांत तडजोड करावी असें सुचविलें. या तिन्ही हुकुमांचा रोख टाळेबंदीकडे होता. दार बंद असतांना घरीं बसलेल्याला पगार मिळावा, एवढें त्यांनीं पाहिलें. दार उघडल्यावर ताप आलेल्याला घरीं बसतां यावें, हा प्रश्न जिथल्या तिथेंच राहिला; आणि रोगाचा खरा जोर तर दार उघडल्यानंतरचा.

या दुसऱ्या प्रश्नासाठीं एक जुनी व्यवस्था आपल्या देशांत आहे, ती कामगार राज्य विम्याची. १९४८ च्या कायद्यानें ती निर्माण झाली व १९५४ सालीं नागपुरांत आली. सोमवारी पेठेंतील कामगार विमा रुग्णालय हें तिचेंच अंग. या विम्याखालीं आजारी पडलेल्या कामगाराला वर्षांतून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या शेंकडा सत्तर इतका आजारभत्ता मिळतो. महिना एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला, आणि ज्याची वर्गणी नियमानें भरली गेली आहे असा कामगार त्यास पात्र असतो. या वाक्यांतील शेवटची अट फार महत्त्वाची आहे. वर्गणी कंत्राटदारानें भरावयाची असते. ती त्यानें वेळेवर भरली कीं नाहीं, हें ज्या संस्थेच्या आवारांत काम चालतें तिनें तपासलें नाहीं, तर कामगाराला तें कळतें तें आजारी पडल्यावर, रुग्णालयाच्या खिडकीशीं. संस्थेच्या लेखा विभागानें बिल मंजूर करण्याआधीं प्रत्येक कामगाराच्या नांवाची भरणा-पावती मागितली, तर एवढ्या एका कागदानें औषधांच्या एका कपाटाइतकें काम होईल.

पगाराची काळजी मिटली तरी काम करतांना रोग जडण्याचा संभव उरतोच, आणि तेथें हवेचा विचार आला. साथीच्या आरंभीं सर्वांचें लक्ष पृष्ठभागांवर होतें. कागदाचे गठ्ठे कांहीं काळ उघडूं नयेत, दाराच्या कड्या पुसाव्या, अशा सूचना ठिकठिकाणीं निघत. नागपूरच्या कित्येक घरांत भाजीपाला सोड्याच्या पाण्यांत बुडविण्यांत सकाळ जाई आणि वर्तमानपत्र घ्यावें कीं न घ्यावें यावर खल होई. पुढें ध्यानांत आलें कीं हा रोग मुख्यतः श्वासावाटें पसरतो, आणि बोलतांना, खोकतांना किंवा नुसता श्वास टाकतांना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलींत धुराप्रमाणें तरंगत राहतात. जुलै २०२० मध्यें निरनिराळ्या देशांतील २३९ शास्त्रज्ञांनीं एका जाहीर पत्रानें याकडे लक्ष वेधलें, आणि मार्च २०२१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें कचेऱ्यांसारख्या जागीं दर माणशीं दर सेकंदास दहा लिटर ताजी हवा मिळावी असें प्रमाण सांगितलें.

हा आंकडा कोरडा वाटेल, पण त्याचा हिशेब कोणत्याही कारकुनाला करतां येतो. सहा मीटर लांब, पांच मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच अशी खोली घेतली तर तींत १०५ घनमीटर हवा मावते. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवून ती तासांत सहा वेळां बदलली, तर सेकंदास १७५ लिटर ताजी हवा आंत येते. सतरा माणसांना ती पुरते. त्याच खोलीच्या खिडक्या लावून हवा तासांत एकदांच बदलूं दिली, तर ती तिघांनाही पुरी पडत नाहीं. खोली तीच, माणसें तींच. एका कडीचा फरक. जुन्या कचेऱ्यांतील उंच छतें आणि वरचे झरोके आपल्या आजोबांनीं शोभेसाठीं ठेवले नव्हते. नंतरच्या काळांत धूळ येते म्हणून त्यांपुढें कपाटें लागलीं, कपाटांवर जुन्या उत्तरपत्रिकांचे ढीग चढले, आणि झरोका होता हेंही लोक विसरले.

नागपूरचा उन्हाळा मात्र या हिशेबांत आडवा येतो. पारा पंचेचाळीस अंशांवर गेला असतां खिडकी उघडी ठेवा असें सांगणाऱ्याला कोणी उभें करणार नाहीं. सुदैवानें विदर्भाचा घरोघरचा सोबती, खसाचा कूलर, या कामीं उपयोगीं पडतो. वातानुकूलनाचें जें यंत्र सामान्यतः भिंतीवर बसवितात तें खोलींतीलच हवा पुन्हा पुन्हा थंड करून आंत सोडतें. एकाच्या श्वासांतले कण दुसऱ्याकडे पोंचविण्याचें काम तें दिवसभर बिनबोभाट करीत राहतें. कूलरची रीत उलटी आहे. तो खिडकीबाहेर बसविलेला असला तर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढून आंत लोटतो, आणि आंतील हवेला बाहेर जावें लागतें. अट एवढीच कीं समोरची खिडकी किंवा दार उघडें पाहिजे. कूलर खोलीच्या आंत कोपऱ्यांत ठेवला कीं हा सारा लाभ नाहींसा होतो. पावसाळ्यांत कूलरचा उपयोग नसतो; त्या दिवसांत उघड्या खिडक्या व पंखे यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मुखपट्टीचें महत्त्व यामुळें कमी होत नाहीं, पण तिच्यावर सगळा भार टाकणें हें सोईचें असलें तरी न्यायाचें नाहीं. दुपारच्या उन्हांत आवार झाडणाऱ्या बाईची मुखपट्टी अर्ध्या तासांत घामानें भिजते, आणि भिजलेल्या पट्टींतून श्वास घेणें अवघड होतें. तिला दिवसांतून दोन-तीन कोरड्या पट्ट्या दिल्या पाहिजेत आणि झाडण्याचें काम उन्हें चढण्यापूर्वीं आटोपेल अशी पाळी लावली पाहिजे. शिवाय कामगारांना रोग जडतो तो पुष्कळदां काम करतांना नव्हे, तर डबा खातांना. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलींत सहा-सात जणी मुखपट्ट्या काढून, एकमेकींना भाजी वाढीत जेवतात. त्यांना तेथें बसूं नका असें नुसतें सांगून भागत नाहीं. निंबाखालीं किंवा ओसरीवर बसण्याची, पाण्याची व हात धुण्याची सोय करून द्यावी लागते. विद्यापीठांच्या आवारांत झाडांना तोटा नाहीं.

सफाईच्या कामांत आणखी एक धोका शिरला, त्याची वाच्यता फार थोडी झाली. शौचालयें व फरश्या पुसण्यासाठीं शेंकडा एक प्रमाणाचें हायपोक्लोराइटचें पाणी वापरावें अशी सरकारी सूचना होती. हें द्रव्य उष्णतेनें निकामी होत जातें, म्हणून उन्हाळ्यांत तें रोजच्या रोज ताजें करावें लागतें. तें शौचालयाच्या ॲसिडांत मिसळलें, तर क्लोरिन वायु सुटतो. आणि तो वायु बंद मोरींत फुप्फुसांना जाळतो. दोन्ही बाटल्या एकाच बादलींत ओतल्या म्हणजे सफाई दुप्पट होईल असें ज्याला वाटतें त्याची चूक नसते; त्याला कोणी सांगितलेलेंच नसतें. माणसांच्या अंगावर असलें पाणी फवारण्याचा प्रकारही कांहीं ठिकाणीं झाला. १८ एप्रिल २०२० रोजीं आरोग्य मंत्रालयास तें करूं नका असें स्पष्ट लिहावें लागलें.

कचेरींतील गर्दी कमी करण्याचा उपाय सरकारनें हजेरीच्या प्रमाणानें केला. एप्रिल २०२१ मध्यें, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरांत, महाराष्ट्रांत सरकारी कचेऱ्यांतील हजेरी शेंकडा पंधरावर आणली गेली. हा उपाय योग्यच होता; पण तो टेबलांना लागू पडतो, मोऱ्यांना पडत नाहीं. कारकून निम्मे आले तरी झाडावयाचे मजले व धुवावयाचीं शौचालयें तितकींच राहतात. तेव्हां सफाईचीं माणसेंही त्याच प्रमाणांत कमी केलीं तर उरलेल्यांवर दुप्पट काम पडतें. परीक्षांच्या बाबतींतही असाच अनुभव आला. २८ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं असा निर्णय दिला, आणि त्या पावसाळ्यानंतर नागपूर विद्यापीठानें त्या परीक्षा मोबाईलवरून घेतल्या. हजारों विद्यार्थी व पर्यवेक्षक एका छताखालीं जमणें त्यामुळें टळलें. तथापि परीक्षा विभागाचें सारेंच काम मोबाईलवर गेलें नाहीं. अर्ज, गुणपत्रिका व दाखले यांच्यासाठीं माणसांना खिडकीशीं बसावेंच लागलें. त्या खिडकींत लावलेली कांच खोकल्याचे थेंब अडविते हें खरें, पण ती हवाही अडविते. कांचेमागें पंख्याची किंवा झरोक्याची सोय नसेल तर आंत बसलेल्याची स्थिति बाहेरच्याहून वाईट होते.

तपासणीच्या बाबतींत नागपूरनेंच एक सोपा मार्ग काढला, ही शहरानें अभिमानानें सांगावी अशी गोष्ट आहे. येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, म्हणजे लोक जिला नीरी म्हणतात त्या १९५८ सालच्या संस्थेनें, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून करोना ओळखण्याची पद्धति बसविली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें मे २०२१ मध्यें तिला मान्यता दिली. माणसानें पंधरा सेकंद गुळणी करावयाची आणि तें पाणी नळींत सोडावयाचें, एवढीच कृति. नाकांत काडी घालणारा शिकलेला मनुष्य लागत नाहीं, आणि तोंडासमोर तोंड आणून नमुना घेणाऱ्याला जो धोका असतो तोही टळतो. रोजंदारीच्या माणसाला तपासणीसाठीं अर्धा दिवस रांगेंत उभें राहावें लागणें म्हणजे अर्धा रोज बुडणें होय. अशा संस्थेंत जेथें तो काम करतो तेथेंच नळी मिळण्याचा फायदा किती, तें निराळें सांगावयास नको.

लशीनें मात्र या वर्गाला बराच काळ ताटकळत ठेवलें. १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्यसेवकांना लस मिळूं लागली, फेब्रुवारीच्या आरंभीं पोलिस, नगरपालिकांचे कर्मचारी व तत्सम लोकांना. विद्यापीठांच्या नोकरांचा त्या यादींत वेगळा उल्लेख नव्हता. म्हणजे महानगरपालिकेचा रस्ता झाडणाऱ्याला फेब्रुवारींत लस मिळाली आणि त्याच रस्त्याला लागून असलेलें विद्यापीठाचें आवार झाडणाऱ्याला वयाची पायरी येईपर्यंत थांबावें लागलें. पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना एप्रिलपासून लस खुली झाली. तीस वर्षांच्या स्वयंपाक्याची पाळी १ मेला आली, आणि लशींच्या तुटवड्यामुळें महाराष्ट्रांत पुन्हा जूनपर्यंत लांबली. मधल्या काळांत नागपुरांत १५ ते २१ मार्चची कडक टाळेबंदी होऊन गेली, आणि एप्रिलांत जिल्ह्यांत एकेका दिवशीं सात हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. ढाल हातीं आली ती वार होऊन गेल्यावर.

लशींच्या याद्या दिल्लींत ठरतात. कोणत्याही कुलगुरूला त्या बदलतां आल्या नसत्या. संस्थेच्या हातीं असतें तें कंत्राट. पहारा व सफाई यांचीं कामें निविदा काढून दिलीं जातात आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला तीं मिळतात. आजारपणाची पगारी रजा निविदेंत लिहिलेली नसेल, तर ती स्वखुशीनें देणारा कंत्राटदार महाग ठरून बाहेर पडतो. उलट ती अट सर्वांनाच घातली, तर दराची स्पर्धा त्या अटीसकट होते. खर्च केवढा वाढेल? समजा, एखाद्या संस्थेंत दोनशें कंत्राटी माणसें वर्षाला तीनशें दिवस काम करतात. म्हणजे साठ हजार दिवसांचा रोज द्यावा लागतो. साथीच्या वर्षीं त्यांतल्या प्रत्येकानें सात दिवसांची आजाररजा पुरती वापरली, तरी चौदाशें दिवस होतात. साठ हजारांत चौदाशें म्हणजे शेंकडा अडीचही नाहींत. आणि प्रत्येक जण आजारी पडत नसल्यामुळें प्रत्यक्षांत त्याहूनही कमी. ज्या कामगारांना राज्य विम्याचा आजारभत्ता मिळतो त्यांच्या बाबतींत संस्थेला केवळ उरलेल्या तीस टक्क्यांची भर घालावी लागेल. हा हिशेब घरच्या मोलकरणीलाही तसाच लागू पडतो. तिच्यासाठीं निविदा काढावी लागत नाहीं, एवढाच फरक.